मालक चढले, भाव उतरला

झाकण हातात आलं की मामा आधी त्याला टिचकी मारायचे, मग ते कानाला लावायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "नायाब हाय. म्हाग न्हाई."

ताडकळसच्या आठवडी बाजारात माझ्या लसणाशेजारी त्यांचं पोतं असायचं. पोत्यावर नुसती झाकणं. डब्याची, किटलीची, बरणीची, आणि एक तर असं, की त्याचं भांडं पृथ्वीवर अजून बनायचंय. मामांच्या टिचकीनं तिकडं पिंगळीच्या स्टेशनात उभी गाडी सुटायची. हसू नका, मी वेळ जुळवून पाहिलीय.

लोक बोडकी भांडी काखेत मारून यायचे. मुलीचा बाप स्थळाकडं बघतो तसं मामा भांड्याकडं बघायचे. कुठलंही झाकण दहा रुपये.

"अख्ख्या जिल्ह्यात असं दुसरं नाही, मग शंभर घ्या की," मी म्हणायचो.

"दुसरं न्हाई ह्यात माझी काय करामत? एकच असलं की नायाब. एकच हाय म्हणून लोकाला अडवलं की म्हाग."

एका उन्हाळ्यात एक मावशी चिनी मातीची बरणी लेकरासारखी कडेवर घेऊन आली. "शेळीनं झाकण फोडलं बघा. कैऱ्या चिरून मीठ लावून बसलेय. आज झाकण न्हाई गावलं तर वर्साचं लोणचं गेलं."

मामांनी एक तपकिरी झाकण उचललं. टिचकी, कान, आणि टक्कन बसलं. आत गेलेल्या माशीला जन्मठेप झाली.

"नायाब हाय," मामा म्हणाले, आणि तिथंच घात झाला. सोनपेठकडचे एक मालक जीपमधून उतरत होते. जिच्यासारखी दुसरी नाही अशी वस्तू दिसली की बैठकीतल्या कपाटात नेऊन ठेवायचा त्यांना नाद.

"ते झाकण मला द्या. पाचशे!"

मामांनी वर पाहिलंच नाही. "मावशी, तुमाला आठ."

"हजार!"

"मावशी, सहा."

बाजार थांबला. एक शेळी माझा लसूण खात होती, तीसुद्धा चघळायची थांबली. मावशीनं कनवटीतून काढलेली दहाची नोट परत खोचली.

"घ्या की आता," मी मावशीला म्हणालो.

"गप रे! मालक बोलायलेत, बोलू दे."

"दोन हजार!"

"चार."

"पाच हजार!"

"फुकट."

मावशी तरी जागची हलेना. मालकांच्या कपाळावरची शीर दोरखंडाएवढी झाली. "दहा हजार!"

तेवढ्या पैशात मामांच्या गळक्या घरावर नवे पत्रे आले असते. मला ठाऊक होतं. त्यांनाही असावं, खिसा चाचपताना हात जरा रेंगाळला. मग त्यांनी आपली दहाची नोट काढून मावशीच्या हातावर ठेवली.

"आता जा माय. मालक अजून चढले तर माझं घर जाईल."

मामा गेले त्याला वर्ष झालं. पोत्याची जागा अजून कुणी धरली नाही.

परवा तेच मालक आले, पायी. काखेत एक बोडका पितळी डबा. "आईचा हाय," म्हणाले, आणि रिकाम्या जागेकडं बोट केलं. मी नाही म्हणून मान हलवली.

ते उकिडवे बसले, डबा समोर ठेवला आणि मातीला हळूच म्हणाले, "पाचशे."

थांबले.

"हजार."

समोरून कुणी उतरेना.