मिस आयव्हींचा मुक्काम

दर चिनी नववर्षाला आमच्या केअर होममध्ये लाल कंदील लागत आणि कोणीतरी हौशी स्वयंसेविका मिस आयव्हींशी चिनीत बोलायला येई. त्या सगळं ऐकून घेत आणि शांतपणे इंग्रजीत म्हणत, "डार्लिंग, आज चिनी व्हायचं त्राण नाही माझ्यात." चेहरा चिनी, पण जन्म दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचा, चिनीचा एक शब्द येत नव्हता. जीव होता तो तिथल्या डाळपुरीवर, आणि ती लंडनमध्ये मनासारखी कुठेच मिळत नाही ही कायमची तक्रार.

मी त्यांना आंघोळ घालायचे, पायांना क्रीम लावायचे. डबल शिफ्ट असली की माझेच पाय सुजलेले असायचे आणि ते त्यांच्या लक्षात यायचं. "बस की जरा, मी काही पळून जात नाही," म्हणायच्या. मग मी बसायचे.

अशाच बसण्यात त्यांचे पणजोबा कळले. चीनमधून पाच वर्षांच्या करारावर त्यांना गयानातल्या डेमेराराच्या उसाच्या मळ्यावर आणलं होतं. परत न्यायचं करारात काहीच नव्हतं. ऊस तोडता तोडता पाच वर्षं संपली आणि पोटासाठी ते पुन्हा त्याच मळ्यावर उभे राहिले, पण मनाने कायम निघालेलेच. "आमच्या घरात आंब्याचं झाड कोणी लावलं नाही," मिस आयव्ही सांगायच्या. "आज ना उद्या जायचंच, मग कशाला लावा? आईपर्यंत हेच. शेवटी निघालो, ते चीनला नाही, इथे. नवऱ्याने घर घेतलं आणि मी पहिल्यांदा भिंतीत खिळा ठोकला."

'मिस' ही गयानातली आदराची हाक, लग्न झालेल्यांनाही. त्यांची मुलगी कॅरन टोरंटोला असते. तिने कुठून कुठून माहिती काढून पणजोबांचं गाव शोधलं होतं आणि पुढे आईची राख तिथे न्यायची, असं ठरवूनही टाकलं होतं. ती भेटायला आली की तिच्यासमोर मिस आयव्ही मान डोलवत. ती गेली की उसासा टाकत.

"सांगा ना तिला, नको म्हणून," मी म्हणाले.

"सांगितलं की ती रडते. मग मीच तिची समजूत घालायची. नाही गं होत आता."

एका रविवारी कॅरन त्या गावाचे फोटो घेऊन आली. मी चादर बदलत होते. मिस आयव्हींनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला आणि परत दिला.

"छान गाव आहे. पण कॅरन, किती पिढ्या गेल्या आपल्याला बूड टेकायला. आता मला परत उठवू नकोस."

"मॉम, इट्स होम."

"त्यांचं होतं. मला तुझ्या डॅडींशेजारी झोपव."

कॅरन फोटो पर्समध्ये टाकून निघून गेली. मार्चमध्ये मिस आयव्ही गेल्या, तोवर तो विषय पुन्हा निघाला नव्हता. मग कॅरनचा मेसेज आला, दफन शुक्रवारी, इथेच.

मी कोटाखाली युनिफॉर्म घालूनच गेले. सगळं आटोपल्यावर कॅरन चिखलात उभीच होती. "मला तिला घरी न्यायचं होतं," ती म्हणाली. मी तिचा हात धरला.

नागपूरहून माझी आई दर फोनला विचारते, "परत केव्हा येणार?" आणि मी दर वेळी "बघू, पुढच्या वर्षी" म्हणत आले आहे. त्या दिवशी गाडीत बसून मीच फोन लावला. म्हटलं, "आई, मी आता इथेच राहीन बहुतेक."

ती म्हणाली, "मला माहीत होतं. जेवलीस का?"