आमचा नियम, ल्युबाचा कागद

एक समई घासून लख्ख झाली होती, दुसरी चिंचेच्या कोळात तशीच आडवी पडली होती आणि माझे हात कोपरापर्यंत आंबट झाले होते, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दिवाळी तोंडावर आलेली. दादा, म्हणजे माझे सासरे जगन्नाथराव, स्वेटर-कानटोपी घालून केव्हाचे दाराशी खुर्ची टाकून बसले होते. हॉर्न ऐकूनही ते उठले नाहीत.

"हे ल्युबा नव्हे," म्हणाले. "ते हॉर्न देत नाही."

पडदा सारून पाहिलं. गाडी नेहमीचीच, स्नेहांगणची पांढरी व्हॅन. स्टिअरिंगवर मात्र ल्युबा नव्हती, सेंटरची मॅनेजर नीना होती. घाबरल्यासारखी दोन्ही हातांनी चाक धरून बसली होती.

स्नेहांगण म्हणजे इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलमधलं म्हाताऱ्या माणसांचं दिवसाचं ठिकाण. मुलं-सुना कामावर गेल्या की इथल्या आजी-आजोबांना भिंतींशी बोलायची वेळ येते. ही व्हॅन सकाळी त्यांना घरोघरून उचलते आणि दुपारी आणून सोडते. मधे खुर्चीतला योग, कॅरम, भजन, गरम खिचडी. आणि दोन वर्षं होत आली, ही गाडी चालवत होती ल्युबा.

मी तसेच हात घेऊन बाहेर गेले.

"रेणूताई, काय सांगू तुम्हाला," नीना काच खाली करून म्हणाली. "ल्युबा नाही येणार आता. शुक्रवारी तिचा पेरोल संपला. त्याच तारखेला वर्क परमिट, त्याच तारखेला लायसन्स. आमच्या मेन ऑफिसने सकाळी सकाळी मेल टाकला, आजपासून तिला गाडीत बसवायचं नाही."

"अगं, पण तिचा मुदतवाढीचा अर्ज गेलाय ना! रिसीट आलीये तिची!"

"मीही तेच म्हटलं. तुमच्या शशिकांतनीच तर सांगितलं होतं मला. पण तिच्यासारख्यांच्या बाबतीत रिसीटचं काही चालत नाही म्हणे."

मी तिथेच उभी राहिले. हातावरून कोळ ओघळून पायावर पडत होता आणि मला तो पुसायचंही सुचेना.

दादा मागून आले. "मग आज कोण नेणार आम्हाला?"

"मी, काका. बसा ना."

"तू?" दादांनी तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "रिव्हर्स येते का बापा तुला?" पण चढले बिचारे. नेहमीच्या, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. रोज सगळे बसले की ते "टिंग टिंग" म्हणत आणि मगच ल्युबा गाडी हलवत असे. दादा नागपूरला एसटीत आधी कंडक्टर आणि शेवटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. डबल बेल दिल्याशिवाय गाडी सुटणं त्यांना आजही पटत नाही. आज त्यांनी बेल दिली नाही. नीनाने गाडी झटका देऊन काढली.

ल्युबाची आणि दादांची ओळख झाली तीही अशीच. पहिल्या आठवड्यात दादांनी तिला विचारलं, "तू यापूर्वी काय चालवत होतीस?" त्यांचं इंग्रजी म्हणजे मराठीत मधे मधे "यू" आणि "व्हॉट". तिने दोन्ही हात डोक्यावर उभे धरून वर ताणलेल्या तारांची खूण केली. ट्रॉलीबस. युक्रेनमधल्या चेर्निहिव्ह नावाच्या गावात तिने वीस वर्षांच्या वर ही विजेच्या तारांवरची बस चालवली होती. दादा घरी येऊन मला म्हणाले, "आपल्या लाइनीतली आहे." तेव्हापासून ती घरची झाली. तिची मुलगी सोलोमिया आमच्याकडे धिरडी खायला येऊ लागली आणि मी नवरात्रात ल्युबाची ओटी भरली. ती तिने इतक्या गंभीरपणे पदरात, म्हणजे जाकिटाच्या टोकात घेतली, की मलाच भरून आलं.

तिच्या डेपोवर बॉम्ब पडला होता. नवरा युद्धाच्या आधीच गेला होता, आजारपणात. आधी दोघी मायलेकी पोलंडमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये राहिल्या, मग जर्मनीत लाइपझिगला बहिणीकडे. तिथून इथे आल्या कारण मिसेस हॉलोवे नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेने त्यांची जबाबदारी घेतली. सरकारने युक्रेनच्या लोकांसाठी तशी योजना काढली होती. इथल्या एखाद्याने लिहून द्यायचं की मी यांना आधार देईन, मग सरकार त्यांना विमानाने येऊ देणार, दोन वर्षं राहू देणार आणि काम करू देणार. याला इथे पेरोल म्हणतात. आपल्याला पेरोल म्हटलं की तुरुंगातून सुटीवर आलेला माणूस आठवतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही चपापले होते. मिसेस हॉलोवेंनी त्यांना आपल्या घरात ठेवलं, शाळा दाखवली, दात दाखवायला नेलं. मग स्नेहांगणची नोकरी लागली आणि दोघींनी आमच्याजवळच छोटं अपार्टमेंट घेतलं.

आता गणपतीतली गोष्ट लिहायला हवी, कारण सगळं तिथेच झालं.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. दुसऱ्या दिवशी आरतीला पंचवीस-तीस माणसं होती, बहुतेक सगळी सॉफ्टवेअरवाली. इथे मराठी माणसं जमली की आधी उकडीचे मोदक कुणाचे फुटले यावर बोलतात आणि मग व्हिसावर. बायकासुद्धा. कुणाचं एक्स्टेन्शन, कुणाची प्रायॉरिटी डेट, कुणाच्या सासूचा व्हिजिटर व्हिसा. आमच्यात वकील कुणीच नाही, पण सगळेच वकील.

ल्युबा त्या दिवशी ताटलीतला मोदक तसाच धरून बसली होती. तिने शशिकांतना, म्हणजे आमच्या ह्यांना, फोन दाखवला. लाइपझिगच्या बहिणीचा मेसेज होता. तिथल्या बस डेपोला ड्रायव्हर हवे होते, बहिणीने शब्द टाकला होता, महिनाअखेर हो किंवा नाही सांगायचं होतं. ल्युबाचा प्रश्न एवढाच होता: इथला पेरोल ऑक्टोबरमध्ये संपतो. पुढच्या मुदतीचा अर्ज उन्हाळ्यात केला आहे, तो पडून आहे. सोलोमियाची शाळा मेमध्ये संपते, शेवटचं वर्ष आहे. तोवर मला काम करता येईल का?

"अर्ज मुदतीच्या आत गेलाय?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"रिसीट आलीये?"

"आली."

"मग डोन्ट वरी! तो पेंडिंग असेपर्यंत काम करता येतं. माझं एक्स्टेन्शन तीनदा पेंडिंग होतं, तीनदा. एक दिवस घरी बसलो नाही."

"आमचंही," पलीकडून ह्यांचा मित्र त्र्यंबक म्हणाला.

"सेम हिअर यार," आणखी एक जण म्हणाला. "लायसन्सलाही रिसीट दाखवली की झालं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा. मी तर तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, "बाप्पाच्या समोर सांगितलंय, आता काळजी करू नकोस." तिने मोदक खाल्ला. दुसऱ्या दिवशी बहिणीला नाही कळवलं.

आज नीना गेल्यावर मी हात धुतले, देवापुढे उभी राहिले, पण स्तोत्र पुढे सरकेना. डब्यात वरणभात भरला आणि ल्युबाकडे निघाले.

तिने दार उघडलं तेव्हा अंगात सेंटरचं निळं जाकीट होतं. सवयीने घातलं असेल. केस बांधलेले, पायात बूट.

"दादा गेले?" तिने पहिलं हे विचारलं.

"गेले. नीनाने नेलं."

"नीना वळण फार जवळून घेते," ती म्हणाली. मग हसली, आणि हसता हसता खुर्चीत बसली.

मी म्हटलं, "ल्युबा, आम्ही तुला खोटं..."

"नाही." तिने हात वर केला, ट्रॅफिक थांबवल्यासारखा. "तुझ्या नवऱ्याचा कागद पेंडिंग होता, तेव्हा तो कामावर गेला?"

"गेला."

"कुणी थांबवलं नाही?"

"नाही."

"मग तो खरं बोलला. त्याचं खरं." ती टेबलावरचा डबा उगाच फिरवत राहिली. "मला वाटलं, सगळ्या परदेशी लोकांचं खरं एकच असतं."

सकाळी तिने निर्वासितांच्या मदत केंद्रातल्या वकीलबाईंशी फोनवर बोलून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, अर्ज उद्या मंजूर होईल किंवा कित्येक महिने होणार नाही, कुणी सांगू शकत नाही. तोवर काम नाही, लायसन्स नाही, आणि मुदत संपल्यापासूनचा प्रत्येक दिवस बेकायदा मुक्काम म्हणून तिच्या नावावर चढतो आहे. बरेच चढले तर पुढे इथे यायलाही अडचण. तिच्या आधी दोन-तीन महिने आलेल्यांना इथे राहून काम करू देणारं दुसरं एक संरक्षण मिळालं होतं, पण त्याला तारखेची अट होती आणि ही त्या तारखेनंतर विमानातून उतरली. एकाच गावातून, एकाच बॉम्बमधून उठून आलेली माणसं, आणि विमानाच्या तारखेवरून एक आत, एक बाहेर. माझा यावर विश्वासच बसेना. मी तिला तीन-तीनदा विचारलं आणि तिने तीन-तीनदा तेच सांगितलं, न चिडता.

"आणि लाइपझिग?"

"बहिणीला सकाळीच फोन केला. ती दुसरी जागा सुटली की विचारेल. पण तिच्याकडे राहता येईल. तिथे काम करू देतात आम्हाला." तिने डबा बाजूला ठेवला. "सोलोमियाला अजून सांगितलेलं नाही. तिचा बँडचा कार्यक्रम आहे डिसेंबरमध्ये. ती क्लॅरिनेट वाजवते."

मला माहीत होतं. आमच्या गणपतीत तिने आरतीला वाजवलं होतं.

संध्याकाळी हे आले. त्यांनी बूट काढायच्या आत मी सांगितलं. ह्यांचा चेहरा कसा झाला ते मला नीट लिहिता येत नाही. ते सोफ्यावर बसून फोनवर शोधत राहिले, शोधत राहिले. एक पान वाचायचे, मान हलवायचे, दुसरं उघडायचे.

"अगं, असं कसं? रिसीट म्हणजे रिसीट असते ना? तोच तर विभाग आहे, तोच कागद!"

"मग तुम्ही आधी बघितलं का नाही?"

"बघायचं काय त्यात? सगळ्यांना माहीतच असतं..."

दादा चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "शशी, तू आपल्या डेपोचा नियम दुसऱ्या डेपोच्या गाडीला लावला बापा. ते गाडी तर तुझ्या रजिस्टरातच नव्हती."

"दादा, प्लीज."

"प्लीज कायले? नागपूरचा कंट्रोलर अमरावतीची गाडी सोडत नाही. विचारतो आधी फोन करून. तुम्ही एवढे सारे शिकलेले तिथं बसले होते, एकानं तरी फोन केला असता." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी पण बसलोच होतो म्हणा. मी पण मान हलवली."

ह्यांनी त्र्यंबकला फोन लावला. त्र्यंबक म्हणाला, "नो वे." मला आठवत होतं, आमचं एक्स्टेन्शन अडकलं होतं त्या वर्षी मी रोज स्तोत्राची अकरा आवर्तनं करत असे आणि मंजूर झालं तेव्हा पेढे वाटले होते. तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या देवाने ऐकलं. पण कामावरून तर ह्यांना कुणी कधी काढलंच नसतं. तो नियमच आमच्या, नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या बाजूचा होता. ते मला आज पहिल्यांदा कळलं. ल्युबाच्या घरात कोपऱ्यात तिच्या देवाच्या आईची छोटी तसबीर आहे, तिच्यापुढे तीही रोज दिवा लावते.

हे उठले आणि न जेवताच तिच्याकडे गेले. मीही गेले. त्यांनी दारातच माफी मागितली, नीट, मान खाली घालून. ल्युबाने आत बसवलं. सोलोमिया स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. डोळे लाल. तिला सांगून झालं होतं.

"आय ॲम नॉट गोइंग," ती आम्हाला म्हणाली, जणू आम्हीच तिला पाठवत होतो. "मिसेस हॉलोवे सेड आय कॅन स्टे विथ हर. इट्स माय सीनियर यिअर."

"आणि मी तिकडे, तू इकडे?" ल्युबा तिला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, मग आमच्यासाठी इंग्रजीत. "एकदा युद्धात मी हिला एका तळघरातून दुसऱ्या तळघरात पाठवलं होतं, दोन दिवसांसाठी. दोन दिवस. पुन्हा नाही."

सोलोमियाने क्लॅरिनेटची पेटी उचलली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून काही वाजलं नाही.

हे म्हणाले, "थोडं थांबलात तर? मंजुरी येईलही. घरभाड्याचं आम्ही..."

"शशिकांत," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही मला पुन्हा सांगताय की काळजी करू नको."

मी ह्यांचा हात धरला. त्यांना लागलं होतं आणि लागायलाच हवं होतं.

ल्युबाने ठरवलं आहे. दोघी जातील, डिसेंबरच्या कार्यक्रमाच्या आधीच. लाइपझिगच्या शाळेला इथले मार्क आणि हजेरी हवी आहे, म्हणजे सोलोमियाचं वर्ष कदाचित वाया जाणार नाही. कदाचित. लायसन्स गेल्यामुळे तिने मला विचारलं, उद्या शाळेत जायला गाडी चालवशील का. मी हो म्हटलं.

उद्या सकाळी नऊ वाजता ल्युबाला हायस्कूलच्या ऑफिसात जाऊन सोलोमियाचा शाळेचा दाखला मागायचा आहे.