तिघी विरुद्ध एक

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही चौघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. घरातलं सगळं आम्ही मतं घेऊन ठरवायचो. भाजी कोणती, हीटर किती, पाहुणे कधी. हात वर करायचे, मोजायचे, विषय संपला. आम्हाला त्याचा अभिमान होता.

आमच्यातली नागपूरची मुलगी पॉलिटिकल सायन्समध्ये पीएचडी करत होती आणि रोज सकाळी गायची. दुसरी लॅबमधून पहाटे येऊन झोपायची, तिला त्रास व्हायचा. एका रविवारी आम्ही मतं घेतली: घरात रियाज नको. तिघी विरुद्ध एक. नागपूरवालीने तानपुऱ्याचं ॲप बंद केलं.

आठवडाभर ती जेवायला यायची, पण बोलायची नाही. शेवटी मीच विचारलं, "राग आलाय का?"

"राग नाही गं. पण तुम्ही हे लोकशाहीने केलंत, गणराज्यासारखं नाही."

"दोन्ही एकच ना? शाळेच्या पुस्तकात पहिल्याच पानावर शेजारी शेजारी होते ते शब्द."

"शेजारी होते, कारण दोन्ही लागतात. इंग्लंडमध्ये लोकशाही आहे, पण राजा आहे, म्हणून ते गणराज्य नाही. उलट काही देश स्वतःला गणराज्य म्हणवतात आणि तिथे मताला किंमत नसते."

"आपल्याकडे कुठे राजा आहे, यार?" लॅबवाली म्हणाली.

"राजा नाही, पण तुम्ही तिघी आहात. गणराज्य म्हणजे राज्य सगळ्यांचं, मग त्यात माझाही वाटा आहे ना? उद्या तुम्ही मतं घेऊन माझी खोलीही काढून घ्याल."

लॅबवालीने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "म्हणजे काही गोष्टींवर मत घ्यायचंच नाही?"

"घ्यायचं, पण आधी ठरवायचं की कशावर नाही."

त्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ भांडलो. प्रत्येकीची खोली, झोप, खाणं, पूजा आणि रोजचा थोडा वेळ स्वतःच्या आवडीचा, एवढं तिघी मिळूनही हिरावून घेऊ शकणार नाहीत असं ठरलं. ते बदलायचं असेल, तर चौघींचं 'हो' हवं. आणि मजा अशी, की हेही आम्ही हात वर करूनच मंजूर केलं. फक्त या वेळी चारही हात वर होते.

झोपेचाही हक्क होताच. म्हणून रियाज संध्याकाळवर गेला, कॅम्पसची बस मला दारात सोडते त्या सुमाराला. दार उघडायच्या आधीच मला यमन ऐकू यायचा.

पुढच्या शनिवारी कोणता सिनेमा बघायचा यावर मतं घेतली. नागपूरवाली पुन्हा तिघींविरुद्ध हरली. "काय टुकार निवड आहे तुमची," असं पुटपुटत ब्लँकेट ओढून ती आमच्या मधोमध येऊन बसली.