पायरीवरचा डबा

"तिकडं ठेवा. पायरीवर."

चर्चच्या कारभारी पंचांच्या बायकोनं आईच्या हातातला डबा घेतला नाही. हनुवटी हलवून नुसती जागा दाखवली. दौंडचं चर्च, उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, ऊन डोक्यावर आलेलं. आई वडगाव रासाईहून दोन एसट्या बदलून आली होती. डोक्यावर पदर, हातात जर्मनचा डबा, त्याला घट्ट बांधलेलं फडकं.

"काय आहे यात?"

"खिचडी हाय, मॅडम. साबुदान्याची. उपास सुटल्यावं समद्यांनी घ्यावी म्हनून."

मॅडम हसल्या. "अहो, हे एकादशीचं. ख्रिस्ती माणसं खातात का हे? बाप्तिस्मा घेऊन इतक्या पिढ्या झाल्या, तरी तुम्हा वस्तीवरच्यांचं जुनं सुटत नाही."

आईनं डबा पायरीवर ठेवला. मग स्वतःही तिथंच बसली. कुत्रं तोंड घालंल, म्हणाली.

मी शेजारीच उभी. पांढरी साडी, पाळकाचं शिक्षण देणाऱ्या सेमिनरीचं शेवटचं वर्ष. प्रत्यक्ष सेवेच्या अनुभवासाठी मला वर्षभर याच चर्चला लावलं होतं. लेकीला उपदेश करताना बघायचं, एवढ्यासाठी आई आली होती.

खिचडीचं सांगते. आमच्या गावात उपास म्हणजे साबुदाणा. आजूबाजूला सगळी धनगरांची, माळ्यांची घरं. ती एकादशी करायची, आमच्या बायका त्यांच्याच रानात खुरपायच्या, त्यांचं बघून शिकायच्या. उपास कसा करायचा हे आम्हाला कुठल्या मिशनरी साहेबानं येऊन सांगितलं नव्हतं. मग मांगवाड्यातल्या ख्रिस्ती घरांनी आपल्या मनानं रीत पाडली. उत्तम शुक्रवारी घराघरातून साबुदाणा, दाणे, मिरच्या गोळा व्हायच्या. तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तीनला, येशूनं प्राण सोडला त्या वेळेला, प्रार्थना, आणि मग सगळी वस्ती एका परातीत जेवायला. कोण थोर, कोण लहान, काही नाही. प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी एकाच भाकरीतलं खायचं, ते मी प्रथम पाहिलं त्या परातीत.

आणि ही बाई म्हणते, हे एकादशीचं.

सेमिनरीत आम्हाला मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास होता. येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट मला तोंडपाठ. अंत्युखिया शहरात तो यहूदी नसलेल्या परजातीयांच्या पंगतीत बसून जेवायचा. यरुशलेमेहून मोठी यहूदी माणसं आली, तसा तो हळूच ताटावरून उठला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर झाडलं. या प्रश्नाला मला चांगले मार्क पडले होते. आपल्या भागातल्या मंडळ्यांचा इतिहासही शिकवला. त्यात गोरे साहेब होते. जानवं टाकून आलेले शास्त्रीबुवा होते. या मॅडमचे आजेसासरे त्यातलेच, त्यांचा फोटो चर्चच्या भिंतीवर आहे. आमचा मांगवाडा 'इतर' या एका शब्दात संपला. माझी पणजी त्या 'इतर'मध्ये.

बाराची घंटा झाली. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, त्यावर सात जण बोलणार. तिसरा माझा. तिसरा नेहमी बाईलाच देतात. आईवरचा आहे, बायकांना बरा, असं म्हणतात.

पहिलं गीत सुरू झालं तशी मी मागच्या खोलीत डोळे पुसायला गेले. टेबलावर मोठं ताट, वर वर्तमानपत्र. वास आला म्हणून कागद उचलला. साबुदाणा वडे. उपासाचा बटाट्याचा चिवडा. स्टेशनजवळच्या हॉटेलातून आणलेलं, उपदेशकांसाठी, पंचांकडून.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! म्हणजे साबुदाण्याला विटाळ नव्हता. तो भिजवणाऱ्या हाताला होता.

पाळकसाहेब झगा नीट करत आत आले. मी ताटाकडे बोट केलं.

"साहेब, हे एकादशीचं नाही का?"

ते एकदम लाल झाले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळ, आजचा दिवस शांतीचा आहे. पंचांना दुखवून चालत नाही. तुझी शिफारस मलाच करायचीय. तुझ्या नेमणुकीचा प्रश्न आहे."

उत्तम शुक्रवाराआधीचा सगळा चाळीस दिवसांचा उपासकाळ हेच गृहस्थ दर रविवारी आम्हाला सांगत होते, उपास पोटाचा नको, अहंकाराचा करा. कुणाच्या अहंकाराचा, ते तेवढं राहून गेलं होतं.

माझा नंबर आला. मी पुलपिटावर चढले. समोरचे बाक जुन्या घराण्यांचे. मॅडम पहिल्या बाकावर, डोळे मिटून. दारातून बाहेर आईची पाठ दिसत होती. उन्हात. लिहून आणलेलं भाषण गोड होतं, मरियेचे अश्रू वगैरे. ते मला वाचवेना.

मी म्हणाले, "मरता मरता येशूनं आपली आई शिष्याच्या हवाली केली. शिष्यानं तिला आपल्या घरात घेतलं. पायरीवर नाही बसवलं. माझी आई बाहेर पायरीवर बसलीय. तिच्या हातची खिचडी इथं चालत नाही आणि हॉटेलातले साबुदाणा वडे आतल्या खोलीत झाकून ठेवलेत. पेत्रसुद्धा असाच पंगतीतून उठला होता. त्याला तोंडावर सांगणारं कुणीतरी होतं. आज मी सांगते. ज्या घरात ही आई येत नाही, त्या घरात तिसरा उद्गार बोलायचा मला अधिकार नाही."

आणि खाली उतरले. मधल्या वाटेनं सरळ बाहेर. मागे पंचांचा आवाज आला, "काय तमाशा लावलाय हा!" मग पेटी वाजायला लागली. चौथा उद्गार सुरू झाला. काहीच झालं नाही असा.

मी आईजवळ बसले. रागानं डब्याचं फडकं सोडायला लागले. आईनं माझ्या हातावर चापट मारली.

"तीन न्हाई वाजलं आजून. त्यो वर टांगलेला हाय, जिता हाय, आन् आपून खायाचं व्हय?"

ज्यांनी तिला एकादशीची म्हटलं, त्यांच्या एकाही उपदेशात एवढा उपास नव्हता.

तीन वाजले. आईनं डोळे मिटून प्रार्थना केली, मॅडमचंसुद्धा नाव घेतलं. मला ते सहन झालं नाही. मग डबा उघडला. खिचडीचा थंड गोळा झाला होता. लोक बाहेर पडले ते बाजूच्या दारानं. सगळे. आमच्यासारख्याच वस्त्यांवरून आलेले मागच्या बाकावरचेही तिकडूनच गेले, माना खाली घालून. त्यांचा राग मला जास्त आला.

"कशाला बोललीस गं?" आई म्हणाली. "आता तुला नोकरी कोन देनार?"

खरंच कुणी दिली नाही. शिफारस झालीच नाही. भाऊ तेव्हा रांजणगावला कंपनीच्या बसनं पाळीला जायचा. तो म्हणाला, "पॅकिंगला पोरी घेत्यात. ये माझ्यासंगं. सोड त्यो चर्चचा नाद."

कंपनीत गेले. नाद सोडला नाही. का सोडू? ख्रिस्त काय यांच्या आजेसासऱ्यांनी जानव्याबरोबर आणला? माझ्या पणजीनंही तोच पत्करला होता, वस्तीचे शिव्याशाप खाऊन. त्याला यांच्या हवाली करून मी निघून जाणार नाही.

पुढच्या उत्तम शुक्रवारी सुट्टी मिळाली नाही. बिनपगारी केली. आई म्हणाली, "यंदा नगं बाई." मी साबुदाणा भिजवला. डबा तोच. दौंडला उतरले, पुढच्या दारानं शिरले आणि डबा वेदीसमोरच्या टेबलावर ठेवला. पंचांनी तो उचलून पायरीवर नेऊन ठेवला. मी गेले आणि परत आत आणला. डबा ते दर वर्षी बाहेर नेतील. मी दर वर्षी आत आणीन.