वांग्याचं एक झाड उपटताना

मंडळी, आज सकाळी मळ्यात एक झाड उपटायला मी चक्क घाबरले.

साठच्या दशकात मूर्तिजापूरजवळच्या आमच्या माहेरच्या मळ्यातली वांगी उभ्या उभ्या माना टाकायची. मुळांना गाठी दिसल्या की बाबा सगळी झाडं उपटून जाळायचे. डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी, म्हणजे बारीक जंत, मुळांत शिरून या गाठी करतात, हे तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं.

यंदा आमच्या वांग्यांचं पुन्हा तेच झालं. सुनेनं या कृमींना मारणारं, जिवाणूंच्या विषापासून केलेलं औषध झाडांच्या बुडाशी ओतलं. आज म्हणाली, "आई, एक झाड उपटून पाहू."

"अन् गाठीच निघाल्या तं?"

"पाह्यल्याशिवाय कसं समजन?"

उपटलं. जुन्या गाठी होत्याच. पण बाजूनं पांढरी, स्वच्छ मुळं फुटली होती. सून बांधावर बसून ती मुळं न्याहाळू लागली.

तुमच्यापैकी कोणी हे औषध वापरलंय का? गाठी परत येतात का? खरं सांगा.