झडतीचे शब्द

माझ्या मावशीचा विश्वास जगात फक्त स्वतःच्या शिवणीवर होता, आणि तीही ती दोनदा ओढून बघायची. बसच्या कारखान्यात ती सीटची कव्हरं शिवायची. रेक्झिनला जाड सुई आणि दुहेरी दोरा. दुसऱ्या बाईने शिवलेलं कव्हर हातात आलं की कोपरा उसवून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मीटर बघायला माणूस आला तर हा मीटर बघतोय की घर, याच्यावर ती डोळ्यांत तेल घालून पहारा करायची. आम्ही भाचरं पाठीमागे हसायचो. तोंडावर हसायची छाती नव्हती, कारण संशय घ्यायला तिच्याकडे कारण होतं. परकी फौज आमच्या देशात बसली होती त्या काळात तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, चोरून पत्रकं वाटायचा. एका पाववाल्याच्या माडीवर तो लपला होता, तिथून त्याला फौजेने उचललं. तो परत आला नाही. पाववाला फितूर झाला, असं मावशीचं ठाम मत. फौज निघून गेल्याला तीस वर्षं झाली तरी ती त्याच्याशी बोलत नव्हती आणि पावासाठी आम्हाला पार पुलापलीकडे पिटाळायची.

अशा बाईच्या घरी शांतता समितीने परदेशी पाहुणी ठेवली, याला मी समितीचा भोळेपणा म्हणते. त्याच फौजेखाली आणखी एक देश भरडला गेला होता. दोन्हीकडच्या साध्या माणसांनी एकत्र उभं राहून, पुन्हा कुणाच्या युद्धाला आपली मुलं देणार नाही, अशी शपथ घ्यायची, असा रविवारचा बेत होता. यजमान आणि पाहुणा जोडीने व्यासपीठावर जाणार होते. समितीच्या चिटणीस म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी कारखान्यात सगळ्यांसमोर विचारलं. नाही म्हटलं तर लोक संशय घेतील, एवढ्यासाठी मावशी हो म्हणाली.

पाहुणी ट्रामवर कंडक्टर होती. मावशीच्याच वयाची, आडव्या बांध्याची, हसतमुख. मावशीच्या मते जरा जास्तच हसतमुख. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची तिला. दोघींना येत होते ते फौजेच्या भाषेतले झडतीचे शब्द. सैनिक दारात उभे राहून जे ओरडायचे ते: दार, उघड, वर, मागे, कोण, किती. दोन्ही देशांतल्या त्या वयाच्या माणसांना तेवढेच पाठ.

बॅग खाली ठेवल्याबरोबर पाहुणीने छताकडे बोट केलं आणि त्याच शब्दांत विचारलं, "वर कोण? किती?"

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. मग पाहुणीने जिन्याकडे बघून विचारलं, स्वयंपाकघराकडे बघून विचारलं. मावशीने ताकास तूर लागू दिली नाही. आमच्याकडची रीतच तशी. त्या काळात कुणी आसऱ्याला आलं की त्याला खायला द्यायचं, पांघरूण द्यायचं, माहिती द्यायची नाही. वर कोण राहतं, मागून वाट आहे का, शेजारी कसे आहेत, काही नाही. जे माहीतच नाही ते मारून मारूनही कुणी वदवून घेऊ शकत नाही. फौज गेली, रीत राहिली. आजही आमच्याकडे मुक्कामाला आलेला जावई मोरी कुठे आहे ते स्वतः शोधून काढतो.

दुसऱ्या दिवशी पाहुणी खिडक्यांच्या कड्या काढून बघताना सापडली. स्वयंपाकघरातल्या कपाटामागे परसात उघडणारं दार आहे, तेही तिने भिंतीवर टकटक करून हुडकलं. ती बूट घालून झोपते हे मावशीने पाहिलं. कसं पाहिलं ते मी विचारलं नाही. इथं काहीतरी पाणी मुरतंय, हिला कुणीतरी पाठवलंय, असं मावशी म्हणाली. समितीने पाठवलंय, असं मी म्हटलं. त्यावर तिने माझ्याकडेही जरा निरखून पाहिलं.

शनिवारी ती मला घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याकडे तक्रार करायला निघाली. हेरगिरीचा नुसता शब्द निघाला असता तरी पाहुणीला मिळेल त्या गाडीने परत जावं लागलं असतं, आणि तिकडे उतरल्यावर तिची नोकरी राहिली असती की नाही, कोण जाणे. वाटेत मी हे सांगून पाहिलं.

"तुझा भाऊ गेला नव्हता," मावशी म्हणाली. "माझा गेला."

दवाखान्यात पाहुणी आधीच येऊन बसली होती. मावशी जराही न कचरता तिच्यासमोरच सगळं बोलली आणि हिला परत पाठवा म्हणाली. डॉक्टरीणबाई पाहुणीच्याच देशात शिकलेल्या, तिची भाषा त्यांना येत होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ताई, हीसुद्धा तेच सांगायला आलीय. मला या घरातून हलवा म्हणते. तुम्हीच फितूर आहात असं तिला वाटतंय."

तिच्या देशातली रीत नेमकी उलटी होती. आसऱ्याला आलेल्या माणसाला उंबऱ्यातच सगळं सांगायचं: वर कोण, मागचं दार कुठे, कुणाच्या दारावर थाप मारली तर उघडेल. मग पाणी द्यायचं. जे घर दारं सांगत नाही, त्या घराने तुम्हाला विकलेलं असतं. म्हणून बिचारी बूट घालून झोपत होती.

मला हसू फुटलं. मावशी हसली नाही. पकडल्यावर यांची माणसं बोलली नाहीत का, असं तिने डॉक्टरीणबाईंना विचारायला लावलं.

पाहुणीने उत्तर दिलं. डॉक्टरीणबाईंनी ते सावकाश सांगितलं. "काही बोलले. पण पुष्कळजण पकडलेच गेले नाहीत."

मावशी बराच वेळ खुर्चीच्या रेक्झिनवर अंगठा घासत राहिली. मग म्हणाली, "पाववाल्याच्या माडीला मागून जिना होता. पिठाच्या पोत्यांमागे. त्या दिवशी फौजेने अख्खा रस्ता झडतीला घेतला होता, एकटं पाववाल्याचं घर नाही. माझा भाऊ पुढच्या जिन्याने उतरला तो थेट त्यांच्या हातात. त्याला तिथे मीच नेऊन सोडलं होतं. मीच पाववाल्याला बजावलं होतं, ह्याला काही सांगू नका म्हणून."

इतकी वर्षं तिने त्या माणसाला फितूर म्हटलं, भर रस्त्यात म्हटलं, आणि त्याने एकदाही उलटून तिला हे ऐकवलं नव्हतं.

तक्रारीचं पुढे कुणी काही बोललं नाही. मावशी उठली, पाहुणीचा दंड धरला आणि बाहेर पडली. रस्त्याने येताना एकेका घरासमोर थांबून ती त्या झडतीच्या शब्दांत मोठ्याने सांगू लागली. दार. वर, दोन. हे दार, उघड. पुढच्या घरापाशी तिने नुसती नकाराची मान हलवली. पाहुणी लक्ष देऊन ऐकत होती. फौज गेल्यापासून आमच्या रस्त्यात ते शब्द कुणी उच्चारले नव्हते. एक खिडकी लागली, मग समोरची लागली. अंगणात बसलेला एक म्हातारा घाईघाईने आत गेला. मी मावशीला हळू बोल म्हटलं, पण तिने ऐकलं नाही.

पाववाला दुकानात ट्रे पुसत उभा होता. मावशी त्याच्यासमोर थांबली आणि तिने माडीकडे बोट केलं.

"वर," ती पाहुणीला म्हणाली. "एक."

"कोण?" पाहुणीने विचारलं.

मावशीला शब्द सापडेना. भावाला काय म्हणतात ते झडतीला आलेल्यांनी कधी शिकवलं नव्हतं. तिचं बोट तसंच वर राहिलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाववाल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. तेवढे शब्द त्यालाही येत होते.

"मागे," तो पाहुणीला म्हणाला. "दार." आणि पिठाची पोती बाजूला सारायला आत गेला.