पाठमोरी परीक्षा

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. गावाकडून पाहुणे आले की पहिल्या दिवशी त्यांना वाटायचं, यांची जुंपलीय. माय चुलीपाशी बसून ओरडायची, आबा, म्हणजे आमचे वडील, जेवता जेवता ओरडायचे, मी आणि धाकटी बहीण अभ्याससुद्धा ओरडून करायचो. भांडण कसलं आलंय, ‘भाजीमा मीठ कमी शे’ एवढंच काय ते असायचं. सुरतेत नवागामच्या आमच्या गल्लीत सगळी घरं खानदेशातून आलेल्या पॉवरलूमवाल्यांची, त्यामुळे कुणाला कुणाचं काही वाटत नसे.

आबा लूम चालवायचे. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायचो आणि त्यांचं जेवण होईपर्यंत त्यांच्या लूमवर उभा राहायचो. धागा तुटला की गाठ मारायची, कांडी संपली की नवी घालायची. माय कुरकुर करायची, पोराला कशाला नेता म्हणून. आबा म्हणायचे, हाताला वळण लागू दे. कॉलेजात गेल्यावर तर मी रीतसर पाळीच करायला लागलो. त्या पत्र्याच्या शेडमध्ये लूमच्या खडखडाटात कितीही बोंबला, शेजारच्याला ऐकू जात नाही. तिथे माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. आबा पार दुसऱ्या टोकाला उभे राहून नुसते ओठ हलवायचे, आणि मला कळायचं की चहा सांगून ये, किंवा शेठ आलाय. बाहेरच्या माणसाला हे जमत नाही याची मला मोठी ऐट होती.

आणि या सगळ्यात मला पायलट व्हायचं होतं. हवाई दलाचा, लढाऊ विमानाचा. हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते आता सांगता येत नाही, पण शिरलं ते निघालं नाही. गल्लीत चेष्टा व्हायची. नळाला पाणी आलं की हमखास कुणीतरी म्हणायचं, “पायलट, जरा खाली उतरा, हंडा भरा.” मी दातओठ खात हंडा भरायचो.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मला निवडीसाठी देहरादूनचं बोलावणं आलं. तिथे दोन गोष्टी पार पाडायच्या होत्या. एक मशीनची परीक्षा: हातात दांडा, पायांत पेडल, समोर पडद्यावर पळणारा ठिपका, आणि तो जागेवर धरून ठेवायचा. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की विमान चालवण्याचा विषय कायमचा संपला. मी त्यात पास झालो. लूमवर डोळे एकीकडे आणि हात दुसरीकडे ठेवायची मला लहानपणापासून सवय होती. दुसरी परीक्षा अधिकारी व्हायला माणूस लायक आहे की नाही, याची. मुलाखत, गटात बसून चर्चा, मैदानावर फळ्या-दोऱ्या घेऊन केलेल्या कसरती. शेवटी आमच्या छातीवरचे नंबर वाचून दाखवले, त्यात माझा नव्हता. का नव्हता ते सांगायची तिथे पद्धत नाही. मशीनचा निकाल मात्र जन्मभर टिकतो आणि दुसरी परीक्षा पुन्हा देता येते, एवढ्या आशेवर मी सामान आवरलं.

स्टेशनवर माझ्याच गटातला एक फौजी घरातला मुलगा भेटला. तो म्हणाला, “बुरा मत मानना यार, तू सामनेवाले की आँख में नहीं देखता. मुँह देखता रहता है. और चिल्लाता बहुत है.” मला असा राग आला. म्हटलं, हा कोण टिकोजीराव मला शिकवणार? पण सुरत येईस्तोवर राग उतरला आणि पटलं, पोरगं खरं बोललं.

मग वर्षभर मी एकच उद्योग केला. बहिणीला समोर डब्यावर बसवायचं, तिने पेपर वाचायचा आणि प्रश्न विचारायचे, मी तिच्या डोळ्यांत बघून हळू आवाजात उत्तर द्यायचं. ओठांकडे नजर गेली की ती पट्टीने गुडघ्यावर मारायची. डोळ्यांत बघितलं की तिचे निम्मे शब्द माझ्या हातून निसटायचे. ती वैतागायची, “भाऊ, ध्यान कुठंय तुझं?” मलाही वाटायचं, आपलं चित्त थाऱ्यावर नाही. मग ती हसून एकेक शब्द मोठ्याने म्हणायची आणि आमचं पुढे चालायचं. कानाची शंका कुणाच्याच मनात आली नाही, कारण आमच्या घरात प्रत्येक गोष्ट प्रत्येकजण दोनदा विचारायचाच. आणि सकाळी बहिणीची ही शिकवणी झाली की मी पाळीवर जायचो, त्याच शेडमध्ये.

दुसऱ्या वेळी माझा नंबर वाचला गेला. नीट ऐकू येत नाही म्हणून या वेळी मी पुढे जाऊन उभा होतो, असं आता म्हणता येईल. तेव्हा फक्त घाई झाली होती. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या एस.टी.डी.वाल्याकडे फोन करून निरोप दिला. आबांनी कारखान्यात पेढे वाटले, लूम चालू ठेवून, एकेकाच्या तोंडात घालत. उरलं होतं फक्त दिल्लीचं मेडिकल. त्याची मला काडीची काळजी नव्हती.

दिल्लीला डोळे, छाती, पायांची लांबी, सगळं बिनबोभाट पार पडलं. मग कानाचे डॉक्टर. वयस्क, शांत माणूस. खोलीच्या त्या टोकाला जाऊन ते म्हणाले, “उधर मुँह करके खड़े रहो. मैं जो बोलूँ, वही बोलना.” मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. थांबलो. वाटलं, त्यांना मधेच काही काम निघालं असेल. भिंतीवर ओलीचा एक डाग होता, तो बघत राहिलो. बराच वेळ काहीच होईना, तेव्हा मागे वळलो. त्यांचे ओठ हलत होते. मी झटकन आकडा सांगितला, आणि तो बरोबर होता.

“देखकर नहीं, बेटा,” ते म्हणाले.

नंतर त्यांनी मला एका बंद खोक्यासारख्या खोलीत बसवलं आणि कानावर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं होतं. सुरुवातीचे जाड आवाज आले. मग शांत झालं. मी बोट बटणावर ठेवून पुढच्या आवाजाची वाट बघत बसलो, आणि दार उघडून तिथला माणूस म्हणाला, झालं.

डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतोस. पॉवरलूम म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. अपील करता येईल म्हणाले, पण गेलेला कान परत येत नाही. साध्या आयुष्याला एवढं ऐकू येणं पुरेसं आहे. मला त्यांची गचांडी धरावीशी वाटली. साधं आयुष्य माझ्याकडे होतंच की.

परतीच्या गाडीत मी ठरवलं होतं की डोळ्यांत दोष निघाला असं सांगायचं. घरी पोचलो तेव्हा तिघंही घरात होती. आबांनी माझा चेहरा बघितला आणि शब्द न उच्चारता, कारखान्यात विचारायचे तसं, नुसत्या ओठांनी विचारलं, काय झालं? आणि माझा हात आपोआप कानाकडे गेला. कानाला लावला आणि हलवून दाखवला: नाही.

आबा उठून माठापाशी गेले, पेला हातात घेतला आणि तसेच पाठमोरे उभे राहिले. मायने एकाएकी पदर तोंडाला लावला, तेव्हा मला कळलं की ते काहीतरी बोलले.

मी बहिणीकडे पाहिलं. तिने एकदा आबांच्या पाठीकडे बघितलं, आणि त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज न करता, एकेक शब्द सुटा करत ओठ हलवले: मीच लई गयथू तुले, मीच नेलं होतं तुला तिथे.

मला रडू आलं. माझ्यासाठी आलं की त्यांच्यासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. सोमवारी मी पुन्हा पाळीवर गेलो, कारण दुसरं काही ठरलं नव्हतं.

आबा पुढे बरीच वर्षं जगले. त्या दिवसानंतर ते माझ्याशी पाठ करून कधी बोलले नाहीत. हातातलं काम ठेवायचे, समोर येऊन उभे राहायचे, माझी नजर त्यांच्या तोंडावर आली की मग बोलायचे.